टाकीला गुंडाळलेली घोंगडी

प्रिय दीपा,

हे पत्र मी संस्कृतीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हातानं लिहितोय आणि पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. हसू नकोस. व्हॉइस नोट पाठवली की तुझं उत्तर येतं, आणि माझी ही लेक फोन हिसकावून ते सगळ्या घराला ऐकवते. दहा वर्षांची झाली तरी फोन म्हणजे तिला रेडिओ वाटतो. आणि जे सांगायचंय ते मायच्या कानावर जाऊन चालणार नाही. दुपारचे दोन वाजलेत, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, पंपांची बुडबुड चालू आहे. माय बरी आहे असं मी तुला दर रविवारी सांगतो. ती बरी नाही. जूनमध्ये तिचं वजन बावन्न किलो होतं, काल त्रेचाळीस भरलं. डॉक्टरांनी रक्त, लघवी, छाती, सगळं बघितलं आणि काही नाही म्हणाले, वयानं होतं. वयानं आठ महिन्यांत नऊ किलो जात नाहीत, एवढं मासे विकणाऱ्यालाही कळतं.

तुझ्यावर रागही आहे माझा, तो आधीच सांगून टाकतो. या माशांच्या नादाला तुला मीच लावलं ना? गारखेड्यात हे दुकान टाकलं तेव्हा तू अकरावीत होतीस. धनगराचा पोरगा मेंढरं सोडून मासे पाळायला लागला म्हणून अख्खी वाडी हसली. आप्पा तर दुकानात येऊन एकेका टाकीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, 'ह्यांची लोकर कवा कातरायची रं?' तू मात्र क्लास बुडवून स्टुलावर बसायचीस आणि कुठला मासा कुणाच्या मागं फिरतो ते वहीत लिहायचीस. ती वही घेऊन तू कुठल्या कुठं गेलीस. आता परदेशातल्या समुद्रात उतरून तेच करतेस आणि त्याचा तुला पगार मिळतो. मी अजून काचा पुसतोय. अभिमान आहेच, पण माय माझ्या वाट्याला आली आणि रविवार तुझ्या, हे मला अधूनमधून टोचतं.

जानेवारीत तू तो व्हिडिओ पाठवलास, खडकावर उभी राहून आपल्या भाषेत सगळं समजावून सांगितलंस, तो मी निदान वीस वेळा पाहिला. उष्ण समुद्रातले मासे पाण्याच्या प्रवाहाबरोबर थंड पाण्याकडं वाहत येतात, आणि तिथं त्यांचं वागणंच बदलतं. तू बोटांवर मोजून सांगितलंस. एक, आपल्या पाण्यात उघड्यावर बिनधास्त फिरणारा मासा तिथं कपारीला धरून राहतो. दोन, खाणं समोर असलं तरी चटकन तोंड घालत नाही, दुसऱ्यांचं झाल्यावर थोडंसं खातो. तीन, कुणी दुरून जरी आलं तरी तो आधीच पळतो. आणि मग म्हणालीस की बहुतेक पहिल्या हिवाळ्यातच मरतात, पण जे तिथल्या स्थानिक माशांच्या थव्यात मिसळतात ते धीट होतात, नीट खातात आणि टिकायची शक्यता त्यांची जास्त. तू माशांबद्दल बोलत होतीस. मला घाम फुटला, कारण घरात कपाट आणि भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत माय बसली होती.

तुला फोनवर दिसते ती माय तुझ्या वहिनीनं, शालूनं, वेणीफणी करून गादीवर बसवलेली असते. इतर दिवशी ती त्या कपाटाच्या सांदीत बसते. दाराची बेल वाजली की उठून मागच्या खोलीत जाते, बेल वाजवणारा गॅसवाला असो की शेजारीण. सगळ्यांची जेवणं झाल्यावर अर्धी भाकरी घेते, तीही शालूकडं बघून, जणू विचारतेय घेऊ का म्हणून. नळ सोडायचा तर आधी विचारते. आणि आवाज! दीपा, ही तीच बाई आहे जी या टेकाडावरून त्या टेकाडावरच्या कुत्र्याला नाव घेऊन शिव्या द्यायची आणि ते कुत्रं शेपूट घालून परत यायचं. आता ती कुजबुजते. शालू चांगली आहे, तिनं कधी वर तोंड करून शब्द काढलेला नाही, ते तुला माहीत आहे. तरीही कुजबुजते. उघड्यावर आयुष्य काढलेल्या बाईला तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत थंडी वाजते आणि जानेवारीपर्यंत ती दिवसभर घोंगडी पांघरून असायची.

चूक माझी आहे, आणि ती माझ्या धंद्यातलीच आहे म्हणून जास्त लागते. नवा मासा घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावतो, घरी गेल्यागेल्या पिशवी फोडून मासा टाकीत ओतायचा नाही. बांधलेली पिशवी अर्धा तास तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी आत घालायचं, मग सोडायचा. नाहीतर मासा धसका घेतो. आप्पासुद्धा बाजारातून नवी मेंढी आणली की लगेच कळपात सोडत नसत. तीन-चार दिवस तिला एखाद्या थोराड गरीब मेंढीशेजारी बांधत, रात्री वाघरीच्या जाळीत मधोमध घेत, अंगाला अंग लागू देत. हे सगळं माहीत असलेला मी. आणि मायला कसं आणलं? आप्पांच्या दिवसांनंतर दहा दिवसांत चाळीसच्या चाळीस मेंढ्या टेम्पोत घालून छावणीच्या बाजारात विकून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायला गाडीत बसवलं. दुपारी बारा वाजता ती लिफ्टमध्ये होती. पिशवी फोडली आणि ओतलं.

मेंढ्या विकल्यात हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. केरबाकाकांच्या कळपात घातल्यात म्हणालो, त्यांना तसं बोलायला लावलं, ते बिचारे भिडेखातर हो म्हणाले. पहिलं खोटं माझं. पण त्याला शेपूट तू लावलंस, ते विसरू नकोस. सप्टेंबरातला तो रविवार. माय काहीच बोलत नव्हती, तू इकडचं तिकडचं विचारून थकलीस आणि मग एकदम म्हणालीस, माय, केरबाकाकांचा निरोप आलाय, आपल्या कवडीला जुळी कोकरं झाली! मी इकडं कपाळाला हात लावला, पण माय हलली. सरळ बसली. कोकरं कशी आहेत म्हणाली. तू म्हणालीस, एक भुरं आहे आणि एक नाक वर करून चालतं. माय म्हणाली, 'मंग तिचं नाव दीपी ठिवा, दुसरी भुरी.' तू किती हसलीस तेव्हा! मला वाटलं, चला, बोलायला काहीतरी सापडलं. तेव्हापासून दर रविवारी आपण दोघं मिळून ती कोकरं वाढवतोय. दीपी कुंपणात अडकली, दीपी लंगडली, भुरीला केरबाकाकांनी घुंगरू बांधलं. आता ती पाच महिन्यांची झाली. कधी कधी मलाच ती दिसतात.

तुझा व्हिडिओ पाहिल्यावर मी शहाणपणा केला. थव्यात मिसळलेले टिकतात म्हणालीस ना, म्हणून मायला थव्यात ढकललं. सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ मंगळवारी गच्चीवर बसतं. चंपाबाई म्हणून आहेत, त्यांना सांगितलं, त्या हौसेनं घेऊन गेल्या. बायका चांगल्या, पण त्यांनी पहिल्याच दिवशी मायला मध्ये बसवून गावाकडची ओवी म्हणायला सांगितलं. माय घामाघूम झाली म्हणे. दुसऱ्या मंगळवारी मी तिला अक्षरशः हाताला धरून जिन्यानं वर नेलं आणि गच्चीचं दार ओढून घेतलं. अर्ध्या तासानं खाली आलो तर ती मधल्या जिन्यावर बसलेली, पायरीला धरून. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, 'बस झालं का रं आता?' मी तिच्यावर ओरडलो, दीपा. तुझ्या चांगल्यासाठीच मरतोय मी, असं काहीतरी. जिन्यात दोन दारं उघडली आणि बंद झाली. ते आठवलं की अजून मान वर होत नाही.

त्यानंतर शालूच म्हणाली, तिला तुमच्या दुकानात तरी नेऊन बसवा, तिथं कुणी गा म्हणणार नाही. जानेवारीच्या शेवटी दोन दिवस कडाक्याची थंडी पडली होती ना, त्यातल्या दुसऱ्या दिवशी तिला स्कूटरवर मागं बसवून आणलं, घोंगडीसकट. आणि नेमकी अकरा वाजता वीज गेली. एक वाजला, दोन वाजले. हीटर बंद, पाणी गार होत चाललेलं. एंजल मासे खाली तळाला जाऊन बसले, पंख मिटून. निऑन तर रंगच सोडतात, तुला माहीत आहे. इन्व्हर्टरवर पंप कसेबसे चालत होते, हीटर चालत नव्हते. मी वर्तमानपत्रं शोधत इकडून तिकडं धावत होतो आणि तोंडानं बोर्डाच्या नावानं शिव्या. माय कोपऱ्यातून उठली. मोठ्या टाकीपुढं आली, काचेला हात लावून बघितला. आणि दीपा, आठ महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा खरा आवाज ऐकला. 'अरं बघतो काय बिभ्या, गारठलीत लेकरं! ष्टोव्ह पेटव, पाणी कोमट कर. सारं एकदम वतू नको, वाटीवाटीनं घाल.' आणि अंगावरची घोंगडी काढून तिनं टाकीभोवती गुंडाळली. दोन फेरे दिले, वर गाठ मारली, वरून झाकायला तिच्या जुन्या पदराचा तुकडा. वाटीवाटीनं घाल, हे तिला मी शिकवलं नव्हतं. पावसात भिजलेल्या कोकराला ती तसंच करायची. कोमट पाण्याच्या बाटल्या भरून मी टाकीत सोडत होतो आणि ती मला हुकूम देत होती. साडेचारला वीज आली. सतरा मासे गेले, पण त्या टाकीतला एकही नाही.

मग ती स्टुलावर टेकली, तुझ्याच स्टुलावर. मी चहा आणला, तो तिनं पूर्ण प्यायला. मला इतकं बरं वाटलं की म्हटलं हिला आता तुझा व्हिडिओ दाखवावा, बघ म्हणावं तुझी लेकही हेच करते. तिनं फोन डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत पाहिला. कळलं का काय म्हणाली ती, असं विचारलं, तर म्हणाली, 'माशाचं नाय कळलं. लेक वाळलीय.' मी म्हणालो, माय, तिकडं सगळे बारीकच असतात. तिनं मलाच परत लावायला लावला. 'आता बघ, मागून कुणीतरी हाक मारतं. कशी दचकून खडकाला चिकटली बघ. आन् ते समदे तिकडं खातेत-पितेत, ही एकटी हिकडं. हसताना तोंडावर हात. माझी पोर अशी नव्हती रं.' मी वीस वेळा पाहिला होता तो व्हिडिओ, आणि प्रत्येक वेळी मासे शोधत होतो. तिनं एकदाच पाहिला आणि फक्त तुला पाहिलं. तुझ्या मागं ती माणसं शेगडीभोवती बसलेली आहेत, ते मला तोपर्यंत दिसलंसुद्धा नव्हतं. दीपा, तू त्यांच्यात जेवतेस का गं?

मी तिला खूश करायला म्हणालो, रविवारी सांगेल ना ती दीपी-भुरीचं. मायनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, 'बिभ्या, कवडीचं दात पडून तीन वर्सं झाली. ती व्यायची कवाच थांबली व्हती. आप्पानं तिला नुसती कळपाच्या म्होरं चालायला ठिवली व्हती. ती कशानं व्याली रं?' छावणीच्या बाजारात व्यापाऱ्यानं कवडीचं तोंड उघडून तो रिकामा जबडा मलाच दाखवला होता आणि भाव पाडला होता. मी बघितलं होतं, आणि तरी विसरलो. धनगराची दोन शिकलेली पोरं, एक माशांत आणि एक माशांवर, आणि म्हाताऱ्या मेंढीला जुळी झाली म्हणून आईला सांगतात. आईनं पहिल्याच रविवारी ओळखलं. कवडी व्याली नाही म्हणजे निरोप खोटा, निरोप खोटा म्हणजे मेंढ्याच नाहीत. तिनं त्याच संध्याकाळी सगळा हिशोब लावून टाकला होता आणि तरीही त्या कोकरांना नावं ठेवली होती.

मंग तू दर रविवारी कामून इचारतीस, असं मी विचारलं. लाज वाटली की माझ्याही तोंडात गावचीच भाषा येते. ती म्हणाली, 'ती बाकीचं समदं खाली मान घालून बोलती. जेवली का तर व्हय, बरी हाय का तर व्हय. कोकराचं निघालं की तेवढी हसती, तोंडावर हात न ठिवता. तेवढ्यासाठी इचारते. तिला सांगू नको मला ठावं हाय म्हणून. तुला आप्पाची आण हाय.' आणि उठून टाकीची गाठ घट्ट केली. घोंगडी राहू दे म्हणाली, रात्री पुन्हा गारठा पडंल. ती नुसती लुगड्यावर स्कूटरवर बसून घरी गेली आणि दारात शिरल्याबरोबर पुन्हा त्या सांदीत.

आप्पांची आण मोडून मी हे लिहितोय, त्याचं कारण आता सांगतो. केरबाकाकांचा कळप हर्सूलच्या पलीकडं एका शेतात बसलाय. सोमवारी पहाटे ते गोदाकाठाकडं निघतात, मृगाच्या आधी परत येतील. परवा ते घरी आले होते. साळूबाईकाकूंनी निरोप धाडलाय, 'बानाला आमच्यासंगं पाठिव, चार महिनं माझ्याजवळ राहू दे, चालवंल तेवढी चालंल, नायतर टेम्पोत बसंल.' साळूबाईकाकू आणि माय, दोघी चाळीस वर्षं एका चुलीवर जेवल्या आहेत. मायचे डोळे कसे झाले ते मी पाहिले. आणि ती नको म्हणाली. ठाम. केरबाकाका गेल्यावर मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, 'म्या तिथं गेले तर कळपात कोकरं नायत ते मला दिसणारच. मंग मला ठावं नाय असं कसं दाखवू? खोटं उघडं पडंल, आन् मंग ती लाजंल, फोनच करायची नाय.' म्हणजे बघ, त्या दोन नसलेल्या कोकरांसाठी ती कपाटामागं बसून झिजतेय. मी हजार वेळा जा म्हटलं तरी जाणार नाही, माझं ऐकत नाही ती. तुझं ऐकेल. म्हणून रविवारी फोन कर आणि दीपी-भुरीचं नावही काढू नकोस. तुझं खरं सांग. तिथं तुला भीती वाटते तर भीती वाटते म्हण, एकटी जेवतेस तर एकटी जेवते म्हण. रडू आलं तर तिच्यासमोर रड, ती रडण्याला घाबरणारी बाई नाही, ती तुझ्या व्हयला घाबरते. आणि मग तिला म्हण, माय, तू साळूकाकूसंगं जा, मीही इथं कुणाच्या तरी शेगडीजवळ जाऊन बसते. म्हणशील तर बसही. जूनमध्ये ती परत येईल तेव्हा मी या वेळी पिशवी फोडणार नाही, आठ दिवस इथं, आठ दिवस वाडीवर, तिला जमेल तसं. आज सकाळी टाकीची गाठ सोडून घोंगडी मी दुकानापुढं उन्हात टाकलीय, माशांच्या पाण्याचा वास जायला हवा. सोमवारी पहाटे ती मायच्या खांद्यावर असेल की पुन्हा या टाकीला, ते रविवारी तुझ्या फोनवर आहे.

तुझाच, आण मोडणारा भाऊ,
बिभीषण